तबक, तबकडी, अल्बम

पाहुण्यापुढे पानसुपारीचं तबक फिरवायची आपली जुनी रीत. ग्रामोफोनची काळी चकती घरात आली, तेव्हा मराठीनं तिला त्याच तबकाच्या लेकीचं नाव दिलं: तबकडी.

ही तबकडी घडायची लाखेपासून. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या इवल्या किड्यांची लाख शुद्ध करायची, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळायची आणि गरम लगदा साच्यात दाबायचा. कोल्हापूरच्या गुजरी या सराफबाजारात गळ्यातला साज घडवणाऱ्या कारागिराला ही लाख परकी नाही. सोन्याच्या पातळ पत्र्याचं पान चेपू नये म्हणून तो आत लाखच भरतो. साजाला आतून आधार देणारी लाख तबकडीत वर आली आणि सुरांची नागमोडी रेघ अंगावर वागवू लागली.

भारतात 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हाच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालूनच गायचं. त्या आवाजानं पडदा थरथरे आणि सुई साच्यासाठीच्या मेणावर रेघ कोरत जाई. चूक झाली तर मेण बदलून पुन्हा पहिल्यापासून. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत.

त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते. एकेक राग पदर उलगडत फुलवायचा, तान लयीच्या कुशीतून निघून बरोबर समेवर यायची, अशी ती गायकी. तीन मिनिटांत ती मावायची कशी? खाँसाहेबांच्या गाण्याची एकही तबकडी आज नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यातून आणि तबकड्यांतून पुढे आली. त्यांत ठळक नाव केसरबाई केरकरांचं. गोव्याच्या केरीची ही मुलगी आठव्या वर्षी कोल्हापुरात आली ती अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला. अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ तालीम पुढे मिळाली.

मोठं गाणं लहान तबकडीत बसेना, तेव्हा तबकड्या वाढल्या. 1909 साली ओडियन कंपनीनं चायकोव्हस्कीची 'नटक्रॅकर' रचना चार तबकड्यांवर एकत्र आणली. अशा संचांसाठी जाड कागदी खिशांची बांधीव वही रूढ झाली. फोटोंच्या वहीसारखी दिसणारी ही वही म्हणजे अल्बम. हा शब्द लॅटिन 'अल्बस', म्हणजे पांढरा, यापासून आला. रोमन लोक सूचना लिहीत ती पांढरी फळी 'अल्बम', मग कोऱ्या पानांची वही 'अल्बम', मग तबकड्यांची.

1948 साली कोलंबियानं मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँगप्ले काढली. लाखेची जागा व्हिनाइलनं घेतली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. वही गेली, नाव मात्र राहिलं. म्हणून सान्ताना या बँडच्या लॅटिन रॉकचा 1970 सालचा 'अब्राक्सास' अल्बम, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या लेकीची, किशोरी आमोणकरांची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली लाँगप्लेही अल्बमच. कोल्हापूरच्या दरबारात गायल्या गेलेल्या गायकीला तबकडीवर पाय पसरायला अखेर जागा मिळाली.

पण सर्वांत लांब गेलं ते तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं. 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली, तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला. केसरबाईंचं निधन झालं 16 सप्टेंबरला. जागा अपुरी होती म्हणून त्यांनी गाणं उणं केलं नव्हतं. आयुष्यभराची तालीम त्यांनी त्या साडेतीन मिनिटांत, साजाच्या पानात लाख भरावी तशी, ठासून भरली होती.