गालिबची तनखा आणि स्टीमिटचे मत

वर्गात गालिब शिकवताना गजलेपेक्षा त्याच्या पैशांचा हिशेब सांगितला की मुले जास्त कान देतात. 1850 मध्ये बहादुरशाह जफरने त्याला तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम दिले. तनखा वर्षाला 600 रुपये, म्हणजे महिना 50. पण ती हातात पडायची सहा-सहा महिन्यांनी. मधल्या काळात घर उधारीवर चालायचे. शेवटी तनखा दरमहा मिळावी, अशी अर्जी गालिबने कवितेतूनच बादशहापुढे ठेवली. 1857 मध्ये दरबारच संपला आणि ती तनखाही गेली. महिना साडेबासष्ट रुपयांचे घराण्याचे पेन्शन बंद पडले, ते 1860 मध्ये सुरू झाले. मधल्या काळात रामपूरच्या नवाबाने 1859 पासून दिलेल्या महिना 100 रुपयांचा आधार होता.

लेखकाला आता कदरदान शोधावा लागणार नाही, असे 2016 मध्ये अनेकांना वाटले. त्या वर्षी नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी अमेरिकेत ‘स्टीमिट’ सुरू केले. लिहा, वाचक मत देतील, मताप्रमाणे ‘स्टीम’ नावाचे आभासी चलन मिळेल, असा मामला. 4 जुलै 2016 रोजी पहिले मानधन वाटले गेले आणि काही लेखकांना एकेका लेखाचे शेकडो डॉलर मिळाले. लोक धावले, यात नवल नाही.

पण मताची किंमत सर्वांची सारखी नव्हती. ज्याने जितके स्टीम गुंतवून ठेवलेले, तितके त्याचे मत वजनदार. अशा बड्या धारकांना तिथे ‘व्हेल’ म्हणत. शंभर साध्या वाचकांना लेख आवडला तरी काही पैसे जमायचे. एका व्हेलने बटण दाबले की महिन्याची बेगमी. शिवाय त्याने सात दिवसांच्या आत उलटे मत दिले, तर समोर दिसणारी रक्कम उतरायचीही. सुरुवातीला मोबदल्याचे गणित वर्गाचे होते: मतांचे वजन दुप्पट झाले की पैसे चौपट. जून 2017 मध्ये ते सरळ केले गेले. तरी तराजू धारकांच्याच हातात राहिला. माझ्या मते हा नवाबाचाच दरबार होता, फक्त नवाब अनेक होते आणि त्यांचे चेहरे दिसत नव्हते. (गालिबला निदान अर्जी कोणाकडे करायची ते ठाऊक होते.)

त्यावर खजिन्याची चंचलता. जानेवारी 2018 च्या सुरुवातीला एक स्टीम आठ डॉलरच्या आसपास गेले. वर्षअखेर ते अर्ध्या डॉलरच्याही खाली होते. म्हणजे शंभर स्टीम मिळवणारा लेख जानेवारीत 800 डॉलरचा, तर तितकेच स्टीम मिळवणारा लेख डिसेंबरात 50 डॉलरचाही नाही. लेखणीत काही फरक पडला नव्हता. नोव्हेंबर 2018 मध्ये खुद्द कंपनीने सुमारे 70 टक्के कर्मचारी कमी केले. ऑगस्ट 2019 मध्ये नियम बदलला: आधी लेखाच्या रकमेतले 75 टक्के लेखकाला आणि 25 टक्के मत देणाऱ्यांना जात, ते निम्मे-निम्मे झाले. लिहिणारा आणि बटण दाबणारा एका पंगतीत! एक तारखेला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला हे वाचूनच धडकी भरते.

भारतीय लेखकांची अडचण आणखी वेगळी होती. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. पडद्यावर कमाई दिसायची, पण ती बँक खात्यात रुपये म्हणून आणणे जिकिरीचे झाले. किराणावाल्याला स्टीम चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. पण त्याआधीच, फेब्रुवारीत, ‘ट्रॉन’च्या जस्टिन सनने स्टीमिट विकत घेतले होते आणि मतांच्या ताब्यावरून त्याचे जुन्या धारकांशी भांडण पेटले होते. 20 मार्चला विरोधकांनी फुटून ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी काढली. बहुतेक जुन्या धारकांना जितके स्टीम तितकेच हाइव्ह मिळाले, सनच्या वाट्याला मात्र नाही. लेखकांना आता एकाऐवजी दोन चलनांचे भाव रोज पाहावे लागत होते.