भामगिरी (भामचंद्र डोंगर)

१२. भामगिरी : चाकणच्या पश्चिमेचा, खेड तालुक्यातील लेण्यांचा डोंगर. भंडारा आणि घोरावडेश्वर यांच्यासह देहू परिसरातील संत तुकारामांच्या (तुकोबांच्या) एकांतसाधनेची ही तीन स्थाने. त्यांना भामगिरीवरच साक्षात्कार झाला, असे वारकरी परंपरा मानते. तिन्ही डोंगरांवर तुकोबांच्या आधीची लेणी आहेत. घोरावडेश्वराची बौद्ध लेणी ब्राह्मी शिलालेखांसह टिकून आहेत. चैत्यगृहात स्तूपाच्या जागी आज शिवपिंडीची पूजा होते.

तुकोबांना वाघोलीच्या रामेश्वर भटांनी विरोध केला. अभंगांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, ही आख्यायिका त्याच संघर्षाची. पुढे रामेश्वर भट तुकोबांचे अनुयायी झाले. नाकारलेली वाणीच घराघरांत पोचली.

देहूहून आधी इंदुरीजवळचा भंडारा आणि मग भामगिरी, असा क्रम पायी जाणाऱ्यास सोयीचा. भामगिरीच्या पायथ्याशी आता शिंदे-वासुलीची औद्योगिक वसाहत आहे. वर गुहांत मात्र अजूनही गाथेचे पारायण चालते.