भाडे नियंत्रण आणि परदेशातील घर : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील सधन मध्यमवर्ग गेल्या दोन दशकांत भाड्याच्या उत्पन्नासाठी दुबईसारख्या बाजाराकडे पाहू लागला. या ओढीचे कारण दुबईच्या वैभवात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु तिचे मूळ पुष्कळ मागे, चाळींच्या अर्थव्यवहारात सापडते.

चाळ हे मुळात उत्पन्नाचे साधन होते. मालक जमीन घेई, खोल्या बांधी आणि दरमहाच्या भाड्यातून भांडवल वसूल करी. 1918 साली युद्धकालीन टंचाईमुळे भाड्यावर नियंत्रण आले, ते तात्पुरते समजले गेले. 1947 च्या कायद्याने मात्र 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे मानले. त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेस तिचे पहिले भाडे लागू झाले. कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढविण्यात आली. भाडेकरूस मिळालेले संरक्षण त्या काळी आवश्यक होते, यात शंका नाही. पण दुरुस्तीचा खर्च व कर वाढत असता भाडे गोठून राहिले. शहरातील जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ तरी निर्माण झाले. उपनगरे त्या व्यवस्थेबाहेरच राहिली. पागडी फोफावली ती अशा परिस्थितीत.

भाड्यासाठी घर बांधणे आतबट्ट्याचे ठरताच भांडवल मालकीच्या सदनिकांकडे वळले. 1960 चा सहकारी संस्थांचा व 1963 चा मालकी सदनिकांचा कायदा या स्थित्यंतराच्या खुणा होत. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाल्यावर तर रिकामी सदनिका कुलूपबंद ठेवणेच अनेक मालकांना सुरक्षित वाटू लागले. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले आणि 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वार्षिक 4 टक्के वाढीस मुभा दिली. तोवर घर म्हणजे किंमतवाढीची ठेव, ही समजूत रुजली होती. किंमत भाड्याच्या कितीतरी पुढे गेली. मुंबईत वार्षिक भाडे किमतीच्या शेकडा 2 ते 3 च्या आसपास रेंगाळते, ते यामुळेच.

परदेशी मालमत्तेचा मार्ग 1973 च्या परकीय चलन कायद्याने जवळजवळ बंद केला होता. फेब्रुवारी 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी व्यक्तीस वर्षाला 25,000 डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली; 2015 पासून ही मर्यादा 2,50,000 डॉलर आहे. इकडे दुबईने 2006 च्या 7 क्रमांकाच्या कायद्यान्वये परकीयांस निर्दिष्ट क्षेत्रांत मालकी देऊ केली. दोन दरवाजे जवळपास एकाच सुमारास उघडले.

तथापि शेकडेवारीच्या तक्त्यावरून बाजार निवडणारा गुंतवणूकदार आपल्याच आजोबांच्या चाळीचा इतिहास विसरतो. 2008 च्या अखेरीस दुबईतील किमती कोसळल्या. तेथेही 2013 च्या 43 क्रमांकाच्या फर्मानाने चालू भाडेकरूच्या भाडेवाढीस बाजारभावाशी निगडित मर्यादा घातल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने मर्यादा 75,000 डॉलरवर आणून परदेशी स्थावर खरेदीची वाट बंद केली, ती 2014 मध्ये पुन्हा मोकळी झाली. सिंगापूरने एप्रिल 2023 मध्ये परकीय खरेदीदारावरील अतिरिक्त मुद्रांक शुल्क 60 टक्क्यांवर नेले. दुबईत व्यक्तीच्या भाड्यावर प्राप्तिकर नाही, हा लाभही भारतात राहणाऱ्याच्या बाबतीत अपुरा ठरतो. कारण निवासी करदात्याचे परदेशातील भाडे येथे करपात्र असते आणि ती मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते.