पूर्णांकांचे राखीव कोठार

यंत्रविद्येचा इतिहास सांगताना नव्या शोधांची गणना बहुधा केली जाते. परंतु एकदा केलेली सोय पुढे कोणी व का मोडली, हे सहसा विचारले जात नाही. आज आम्ही अशाच एका मोडलेल्या सोयीची हकिकत सांगणार आहोत.

ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत असताना गिडो व्हान रॉसम यांनी पायथॉन ही संगणकाची भाषा रचली आणि 1991 मध्ये ती लोकांसमोर ठेवली. या भाषेतील आज्ञा यंत्राकडून करवून घेणारा एक दुभाषी असतो. त्याच्या लेखी 700 हा साधा आकडाही एक स्वतंत्र वस्तू. तिला स्मृतीत जागा द्यावयाची व गरज सरताच ती मोकळी करावयाची. असे हजारो आकडे क्षणोक्षणी येतात आणि जातात. प्रत्येकासाठी मुख्य भांडाराकडे मागणी करणे वेळखाऊ होते.

म्हणून पूर्णांकांसाठी निराळे कोठार काढण्यात आले. दुभाषी सुमारे 1000 बाइटांचा तुकडा एकदम मागून घेई, त्याचे सारखे खण पाडी आणि रिकाम्या खणांची यादी ठेवी. 64 बिटांच्या यंत्रावर पूर्णांकाला 24 बाइट लागत. म्हणजे एका तुकड्यात 41 खण बसत. काम झपाट्याने होऊ लागले.

दोष त्याच सोयीच्या पोटात होता. कोठारात गेलेली जागा बाहेर येत नसे. कोणी 1 कोटी आकडे एकदम मांडले, की 24 कोटी बाइट त्यांतच गुंतत. पुढे ते खण रिकामे झाले तरी तेथे पुन्हा पूर्णांकच बसावयाचे. मजकुराला जागा अपुरी पडली तरी हे दार त्याला बंद! 2008 च्या 2.6 आवृत्तीत रिकामे तुकडे परत करण्याची तजवीज झाली खरी. पण 41 पैकी एका खणात जरी आकडा उरला, तरी सबंध तुकडा अडकून पडे.

त्याच वर्षी डिसेंबरात 3.0 ही आवृत्ती आली. तिने लहान व मोठे पूर्णांक हा जुना भेद मिटविला, आणि लहानांच्या जातीबरोबर तिचे कोठारही गेले. याची किंमत कर्त्यांनी लपविली नाही. एका प्रचलित चाचणीत नवी आवृत्ती 2.5 पेक्षा सुमारे 10 टक्के मंद ठरली. लहान पूर्णांकांची खास बडदास्त बंद झाली, हेच बहुधा त्याचे मुख्य कारण, असे त्यांनी स्वतःच नोंदविले.

पुढे 2025 च्या 3.14 आवृत्तीत लहान पूर्णांकांसाठी रिकाम्या जागांची यादी पुन्हा आली. या वेळी मात्र तिला 100 जागांची मर्यादा घातलेली आहे. जुन्या कर्त्यांची बुद्धी थिटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. वेगाची त्यांची निकड खरी होती. राखीव साठा किती असावा, याचे उत्तर मात्र पुढच्यांना अनुभवाने शोधावे लागले.