चाकांवरचे दुसरे घर : अमेरिकेतील कॅम्परच्या कर्जावरील व्याज आणि करवजावट

अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यात ‘घर’ या शब्दाचा अर्थ बराच व्यापक आहे. विटा-सिमेंटची वास्तू, सदनिका, मोबाइल होम, इतकेच नव्हे तर नौका आणि चाकांवरचा कॅम्परही त्यात बसू शकतो. त्यामुळे कॅम्पर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज ‘दुसऱ्या घराचे व्याज’ म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची मुभा करदात्यास मिळते. गोवा, बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याहून जाऊन तेथे स्थिरावलेल्या कुटुंबांच्या कानी ही सवलत बहुधा विक्रेत्याच्या दालनातच प्रथम पडते. सवलत खरी आहे. मात्र तिच्या अटी पुष्कळ आहेत आणि त्या पूर्ण करूनही अनेक कुटुंबांच्या हाती प्रत्यक्षात काहीच पडत नाही. खरेदीचा करार करण्यापूर्वी हे गणित समजून घेणे हिताचे ठरेल. या लेखातील डॉलरचे आकडे संघराज्याच्या २०२५ या करवर्षाचे आहेत; राज्यांच्या प्राप्तिकराचे नियम वेगळे असू शकतात.

सवलतीचा उगम

१९८६ पूर्वी अमेरिकेत वैयक्तिक कर्जांवरील व्याजाचीही वजावट मिळत असे. त्या वर्षीच्या करसुधारणा कायद्याने मोटारीचे कर्ज, क्रेडिट कार्ड आदींवरील व्याजाची वजावट टप्प्याटप्प्याने बंद केली. घरकर्जाचा अपवाद मात्र राखला. हा अपवाद मुख्य घर आणि करदात्याने निवडलेले आणखी एक घर, अशा दोन घरांपुरता आहे. घर कशाला म्हणावे, याचे उत्तर नियमांनी वास्तूच्या पायावरून न देता तिच्यातील सोयींवरून दिले आणि कॅम्परला वाट मिळाली ती याच व्याख्येतून.

कर्जाची मर्यादा पूर्वी दहा लाख डॉलर होती. १५ डिसेंबर २०१७ नंतर काढलेल्या कर्जांसाठी ती साडेसात लाखांवर आणण्यात आली. विवाहित व्यक्ती स्वतंत्र विवरणपत्र भरत असल्यास ती प्रत्येकी पावणेचार लाख आहे. ही घटवलेली मर्यादा २०२५ अखेर संपुष्टात येणार होती. जुलै २०२५ मधील कायद्याने ती कायम केली. दोन्ही घरांच्या कर्जांची बेरीज या मर्यादेशी ताडून पाहिली जाते.

कोणता कॅम्पर ‘घर’ ठरतो?

निकष तीन आहेत : झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय. तिन्ही एकाच वाहनात असावी लागतात. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम, मोठ्या गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील या प्रकारांत ती साधारणतः असतात. पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायचे कॅम्पर, घडी घालता येणारे पॉप-अप आणि लहानसे टिअरड्रॉप यांच्याबाबत मात्र सावध राहावे. आत पलंग आणि मागच्या झाकणाखाली शेगडी असली, पण शौचालय नसले, तर ते वाहन या व्याख्येत बसत नाही. वाहनाची लांबी, किंमत किंवा आलिशानपणा यांचा येथे संबंध नाही.

कॅम्पर केवळ कुटुंबाच्या वापरासाठी असेल, तो भाड्याने दिला जात नसेल, तर वर्षातून किती दिवस त्यात राहिले पाहिजे याची अट नाही. वर्षभर तो अंगणात उभा राहिला तरी तो दुसरे घर ठरू शकतो. बाराही महिने त्यातच राहणाऱ्याच्या बाबतीत तो मुख्य घर मानला जातो.

कर्ज कसे असावे?

अनेक जण फसतात ते याच टप्प्यावर. कर्ज त्याच कॅम्परच्या तारणावर असले पाहिजे, म्हणजे हप्ते थकल्यास सावकाराला तो कॅम्पर ताब्यात घेता आला पाहिजे आणि त्या बोजाची राज्याच्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंद झालेली असली पाहिजे. कॅम्परच्या बाबतीत ही नोंद सामान्यतः वाहनाच्या मालकीपत्रावर होते. विनातारण वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड किंवा आप्तेष्टांकडून विश्वासावर घेतलेली रक्कम यांवरील व्याज वजावटीस पात्र नाही.

याहून फसवी वाट राहत्या घराच्या तारणावरील होम इक्विटी कर्जाची. व्याजदर कमी म्हणून राहते घर गहाण ठेवून कॅम्पर घ्यावा, असा विचार स्वाभाविक आहे. परंतु सध्याच्या नियमानुसार जे घर तारण आहे तेच घेण्यासाठी, बांधण्यासाठी किंवा त्यात भरीव सुधारणा करण्यासाठी पैसे वापरले तरच व्याज वजा होते. राहत्या घरावर कर्ज काढून दुसरे घर घेतले, तर त्या कर्जाचे व्याज वजा करता येत नाही.

लाभ खरोखर किती?

व्याज वजा करण्यासाठी करदात्याला विवरणपत्रासोबत ‘शेड्युल ए’ जोडून वजावटींचा तपशील द्यावा लागतो. तसे केल्यास प्रमाणित वजावट सोडावी लागते. २०२५ साठी ती एकट्या व्यक्तीस १५,७५० डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्यास ३१,५०० डॉलर आहे. तपशीलवार वजावटींची बेरीज या रकमेपेक्षा अधिक झाली, तरच त्या मार्गाने जाण्यात अर्थ असतो.

दोन काल्पनिक उदाहरणे घेऊ. दोन्ही दांपत्ये कॅम्परच्या कर्जावर वर्षाला ६,००० डॉलर व्याज भरतात.

पहिले दांपत्य भाड्याच्या घरात राहते. राज्याचे कर ७,००० आणि देणग्या १,००० डॉलर. कॅम्परचे व्याज मिळवून बेरीज १४,००० होते. ती ३१,५०० च्या कितीतरी खाली आहे. व्याज पूर्णपणे पात्र असूनही लाभ शून्य.

दुसऱ्या दांपत्याचे स्वतःचे घर आहे. त्याच्या कर्जाचे व्याज १८,०००, राज्य व स्थानिक कर १२,०००, देणग्या १,००० : एकूण ३१,००० डॉलर. कॅम्परचे व्याज धरून ३७,०००. प्रमाणित वजावटीपेक्षा ही रक्कम ५,५०० डॉलरने अधिक आहे. त्यांचे वरचे उत्पन्न २२ टक्के दराच्या टप्प्यात येत असेल, तर करात १,२१० डॉलरची बचत होईल. म्हणजे सहा हजार व्याज देऊन बाराशे परत मिळाले. उरलेला खर्च त्यांचाच.

मुद्दल, विमा, इंधन, दुरुस्ती आणि कॅम्प-ग्राउंडचे भाडे यांतील काहीही या सवलतीत येत नाही. वाहनाची किंमत दरवर्षी घसरत जाते, ती वेगळीच. आधीच घ्यायचा ठरलेल्या कॅम्परचा भार या सवलतीने थोडा हलका होतो. केवळ तिच्यासाठी कॅम्पर घेणे मात्र तोट्याचे आहे.

पुण्यातील सदनिका की कॅम्पर?

आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न विशेष उभा राहतो. दुसरे घर अमेरिकेतच असले पाहिजे, अशी अट कायद्यात नाही. पुण्यात किंवा पणजीत स्वतःच्या वापरासाठी घेतलेली आणि कर्जासाठी रीतसर गहाण असलेली सदनिकाही दुसरे घर म्हणून निवडता येते. मात्र एका वेळी दुसरे घर एकच. मुख्य घर, पुण्यातील सदनिका आणि कॅम्पर या तिन्हींवर कर्ज असेल, तर शेवटच्या दोहोंपैकी एकाचेच व्याज वजा होईल. निवड दरवर्षी नव्याने करता येते. साहजिकच ज्याचे व्याज जास्त तो पर्याय त्या वर्षापुरता घ्यावा. सदनिका वर्षभर भाड्याने दिलेली असेल, तर ती दुसरे घर नसून उत्पन्न देणारी मालमत्ता ठरते आणि तिच्या व्याजाचा हिशेब भाड्याच्या उत्पन्नासमोर स्वतंत्रपणे मांडला जातो. अशा वेळी कॅम्परसाठी दुसऱ्या घराची जागा मोकळी राहते.

करदृष्ट्या अनिवासी ठरून १०४०-एनआर हे विवरणपत्र भरणाऱ्यांना, उदाहरणार्थ तेथे शिकावयास गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना, घरकर्जाच्या व्याजाची ही वजावट मिळत नाही.

भाड्याने दिल्यास

रिकामा उभा असलेला कॅम्पर भाड्याने देण्याची प्रथा तेथे वाढली आहे. तसे केल्यास दिवसांची अट लागू होते. मालकाने स्वतः १४ हून अधिक दिवस किंवा भाड्याने दिलेल्या दिवसांच्या १० टक्क्यांहून अधिक दिवस, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितका काळ त्याचा वापर केला पाहिजे. १२० दिवस भाड्याने दिल्यास किमान १५ दिवस, तर १८० दिवस दिल्यास किमान १९ दिवस स्वतःचा वापर हवा. तो झाला नाही तर कॅम्पर दुसरे घर राहत नाही. झाला तरी व्याजाची वाटणी भाड्याचे आणि स्वतःच्या वापराचे दिवस यांत करावी लागते. दुसरे घर ठरणारा कॅम्पर वर्षात १५ पेक्षा कमी दिवस भाड्याने दिला असेल, तर ते भाडे उत्पन्नात दाखवावे लागत नाही.

उच्च उत्पन्न गटासाठी इशारा

अधिक उत्पन्न असलेल्या काहींना ‘पर्यायी किमान कर’ लागू होतो. त्यासाठी घराची व्याख्या अरुंद आहे : वास्तू, सदनिका आणि फिरतीसाठी न वापरले जाणारे मोबाइल होम. रस्त्यावर फिरणारा कॅम्पर तीत बसत नाही. म्हणून नियमित करात वजा केलेले व्याज या दुसऱ्या हिशेबात पुन्हा उत्पन्नात मिळवावे लागते.

जपून ठेवायची कागदपत्रे

घरकर्ज देणारी संस्था वर्षअखेर ‘फॉर्म १०९८’ पाठवते. कॅम्परच्या कर्जाबाबत तो येईलच असे नाही. न आल्यास सावकाराकडून वर्षभरात भरलेल्या व्याजाचे लेखी विवरण घ्यावे आणि ती रक्कम ‘शेड्युल ए’मध्ये १०९८ न मिळालेल्या व्याजाच्या ओळीत नोंदवावी. सोबत पुढील कागद जपावेत :

• कर्जाचा करार आणि बोजाची नोंद असलेले मालकीपत्र
• तिन्ही सोयी दाखवणारे माहितीपत्रक किंवा छायाचित्रे
• भाड्याने दिल्यास दोन्ही प्रकारच्या दिवसांची तारीखवार नोंदवही

भारतातील स्थिती

भारतात अशी सवलत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील गृहकर्जाच्या व्याजाची वजावट इमारत व तिच्यालगतच्या जमिनीशी बांधलेली होती. आपल्या रस्त्यांवर दिसू लागलेली कॅरव्हॅन कायद्याच्या नजरेत मोटारवाहन आहे. त्यामुळे भारतात राहून कॅरव्हॅनसाठी कर्ज काढणाऱ्याने अमेरिकेतील नातलगाचा अनुभव प्रमाण मानू नये.

करार करण्यापूर्वी

तिकडे कॅम्पर घेऊ इच्छिणाऱ्याने आधी गेल्या वर्षीचे विवरणपत्र उघडून आपण प्रमाणित वजावट घेतली होती की तपशीलवार, एवढे पाहावे. प्रमाणित घेतली असेल, तर कॅम्परचे व्याज मिळवून बेरीज तिच्या पुढे जाते का, हे कागदावर मांडावे. पुढे जात नसेल, तर विक्रेत्याने सांगितलेली करबचत आपल्या हिशेबातून वगळून मगच मासिक हप्ता परवडतो का ते ठरवावे. भारतातील सदनिका, भाडे किंवा पर्यायी किमान कर यांचा प्रश्न गुंतलेला असल्यास तेथील परवानाधारक करसल्लागाराचा सल्ला सही करण्याआधीच घ्यावा.