नीरा-भीमेचा काठ आणि हातजाळ्याची निवड

माळशिरस तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नीरा अकलूज मागे टाकून संगम गावापाशी भीमेस मिळते. पैलतीरी नरसिंहपूरचे क्षेत्र आहे. या काठांवरील आपल्या भोई कुटुंबांचा इतिहास सांगताना पालखीचा उल्लेख प्रथम होतो आणि तो योग्यच आहे. 1860 साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, पालख्या-मेण्यांचे दिवस सरत गेले, आणि पोटाचा भार नदीवर अधिक पडू लागला. मात्र नदीकाठी एकट्याने उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातजाळ्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही.

गळाची विद्या या प्रांतास नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, आमिष, दोरी व गळ यांचे विवेचन आहे. सोलापूरचा मुलूख त्याच राज्यातला! डॉ. सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय परिचय करून दिला. त्यापूर्वी, 1839 साली, कर्नल सायक्स याने दख्खनच्या माशांवरील निबंधात अनेक नव्या जातींना येथल्याच बोलीतील नावे दिली. ‘कोलुस’, ‘खुद्री’, ‘मसुल्ला’ हे शब्द आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. ज्यांच्या तोंडून ती नावे उचलली, त्यांची नावे मात्र कोठे उरली नाहीत.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पाण्यात माशाचे वजन पाणीच पेलते. दोरीने वर उचलताच सारा भार गळावर येतो, ओठ फाटतो आणि हातचा मासा जातो. म्हणून जाळे आधी पाण्यात बुडवून स्थिर धरावे व दमलेला मासा डोक्याच्या बाजूने त्यावर ओढून आणावा. जाळे घेऊन माशामागे धावणारा बहुधा रिकाम्या हाताने घरी जातो.

दांड्याची लांबी काठ ठरवितो. आमच्या काळ्या मातीचे काठ पुराने कापले जाऊन उभे राहतात आणि पाऊस झाला की पाय ठरत नाही. तेथे कळकाचा लांब दांडाच हवा. उताराच्या वाळूवर तोच दांडा अडचण होतो. कडे रुंद असावे, कारण अरुंद कड्यावर मासा आपटून सुटतो. झोळी मात्र इतकी खोल हवी की दांडा फिरविताच तिचे तोंड आपोआप मिटावे. उथळ झोळीतून वाम केव्हा निसटली ते कळतही नाही.

आस किती मोठा ठेवावा यावर मतभेद होतात. मोठ्या आसाचे जाळे पाण्यातून हलके फिरते, पण त्यात माशाचे पर व कल्ले अडकतात. पूर्वी सूत व तागाची जाळी कुजू नयेत म्हणून सालीच्या तुरट काढ्यात बुडवीत. नायलॉन आल्यावर ती यातायात संपली. परंतु नायलॉनच्या गाठी बोचऱ्या असतात, त्यांनी खवले निघतात व अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. जो मासा पुन्हा पाण्यात सोडावयाचा, त्याच्या दृष्टीने ही इजा प्राणघातक ठरू शकते. माझे मत बारीक आसाच्या, बिनगाठीच्या, मऊ जाळ्याच्या बाजूने आहे.

आणि सोडावयाचे प्रसंग आता वारंवार येतात. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमेचा मोठा प्रवाह जलाशय बनला; त्यात तिलापियासारख्या परक्या माशाने बस्तान बसविले. सायक्सने नोंदलेला ‘मसुल्ला’ आज संकटग्रस्त जातींत मोजला जातो. सुरुंग व विषाने मासे मारण्यास 1897 च्या कायद्यानेच बंदी घातली. हातजाळ्यात आलेल्या पिलाचे काय करावे, हे मात्र ज्याच्या हाती दांडा त्यानेच ठरवावयाचे असते. असे पिलू सोडताना हात व जाळे दोन्ही आधी ओले करावीत, त्यास काठावरून फेकू नये, आणि झोळी पाण्यातच उलटी करून ते आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबावे.