बालेवाडीचं टर्फ रिकामं आहे

कडेगावच्या स्टँडवरून तुम्ही पुण्याची एसटी पकडता आणि कराड येईपर्यंत साल मागे गेलेलं असतं. जानेवारी २०१०. गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या डबल ट्रॉल्यांनी रस्ता अडवलाय, ड्रायव्हर वैतागलाय. शेजारचा शेतकरी बिलाचा हिशेब सांगतो, "ऊस गेला की चौदा दिवसांत पैसे. नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. कायदाच आहे तसा." पैसे कधी वेळेवर येतात, कधी येत नाहीत, पण भांडायला त्याच्या हातात कागद आहे. त्याच्या मांडीवरच्या पेपरात बातमी आहे : भारतीय हॉकी संघाचा सरावावर बहिष्कार.

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, जिथे या संघाचं सराव शिबिर आहे, पोहोचता तेव्हा टर्फ हिरवंच आहे. निळ्या टर्फचे दिवस अजून यायचेत. पण त्यावर कुणी नाही. दिल्लीतला वर्ल्ड कप दीड महिन्यावर आलाय आणि कर्णधार राजपाल सिंग व त्याचे सहकारी स्टिक खाली ठेवून बसलेत. झालेल्या दौऱ्यांचे थकलेले पैसे द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. देशातल्या हॉकीचा कारभार पाहणारी हॉकी इंडिया प्रत्येकी २५ हजार देऊ करते. मुलं नाही म्हणतात. मग ४८ तासांचा इशारा येतो : मैदानात या, नाहीतर दुसरा संघ उभा करू. "देशासाठी खेळायचं की पैशासाठी?" हा प्रश्न तुमच्याही कानावर पडतो. विचारणाऱ्यांना कुणी त्यांच्या पगाराची तारीख विचारत नाही, याचा तुम्हाला राग येतो. यायलाच हवा.

हा इशारा पोकळ नाही, हे या मुलांना पक्कं ठाऊक आहे. इथून जवळच्याच खडकीचा धनराज पिल्ले १९९८ मध्ये बँकॉकहून एशियाडचं सुवर्ण घेऊन आला, ३२ वर्षांनी आलेलं. सामन्यांच्या मानधनावरून तो बोलला आणि पुढच्या संघातून त्याचं नाव गेलं. विश्रांती दिली, असं सांगण्यात आलं. पटलं फारसं कुणालाच नाही. एकट्याला वगळणं सोपं असतं. म्हणून या वेळी सगळा संघ एकत्र बसलाय. माझ्या मते बालेवाडीची खरी कमाई तीच.

तडजोड होते. प्रायोजक सहारा पैशाची वाट मोकळी करतो, सराव सुरू होतो. २८ फेब्रुवारीला दिल्लीत भारत पाकिस्तानला ४-१ ने हरवतो, शेवटी मात्र आठवा येतो. पैसे आले, पण पैसे कधी आणि किती द्यायचे याचा नियम काही त्या तडजोडीतून उभा राहिला नाही.

आणखी दोन वर्षं पुढे या. २०१२, वर्ल्ड सिरीज हॉकी ही लीग. पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीत शेर-ए-पंजाबकडून हरतात, स्पर्धा एकाच हंगामात आटोपते आणि अनेक खेळाडूंचे पैसे अडकतात. पुन्हा तेच.

त्याच सुमारास, जानेवारी २०१३ मध्ये, उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत, मालक आणि खेळाडूंची संघटना समोरासमोर बसून करार करतात. खेळाडूला आपल्याच संघाने करारबद्ध केलं तर जास्तीत जास्त आठ वर्षं, दुसऱ्याने केलं तर सात. आता नव्या करारात ते सात आणि सहा झालंय. तिथे अब्जावधींचा धंदा आहे, आपल्याकडे नाही. तुलना पैशाची नाहीच. तिथे खेळाडूंची संघटना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, एवढाच मुद्दा.

आता आजच्या दिवसात या. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली आहे, मुलींचीही आहे. सातारा जिल्ह्यातल्या आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते. तुमच्या घरातली, गल्लीतली पोरगी उद्या करारावर सही करायला बसली, तर आधी कागद वाचायला घ्या. रक्कम किती, कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर काय, पैसे थकले तर व्याज किती आणि दाद कुणाकडे मागायची, हे त्यात लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर सही करू देऊ नका.